डावी फिरकी

निशिगंधा शेटे विमानातून उतरली आणि पंखाला धरून तशीच उभी राहिली. पाच मिनिटं झाली तरी तिला पाऊल टाकता येईना.

"काय झालं ते सांग," तिची शिक्षिका मृदुला जाचक म्हणाली.

"लूप चांगला झाला, मॅडम. दोन्ही रोल चांगले झाले. मग नाक सरळ आभाळाकडे नेऊन वळण घ्यायचं होतं. त्यात वेग संपला आणि विमान डावीकडे पडलं. फिरकीत गेलं." निशिगंधाने आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. "मला सगळं आठवत होतं. उजवा पाय दाबायचा, मग दांडी पुढे. मी पायाला सांगत होते, मॅडम. पाय ऐकत नव्हता."

"किती वेळ?"

"माहीत नाही. खूप."

मृदुलाने ते खालून पाहिलं होतं. तीन हजार फुटांवर सुरू झालेली फिरकी एका फेऱ्यात थांबायला हवी होती. विमान सरळ झालं तेव्हा ते जेमतेम पाचशे फुटांवर होतं. माळावर चरणारी मेंढरं चौफेर उधळली होती.

निशिगंधा अकलूजची, वय एकतीस, घरचं औषधाचं दुकान सांभाळणारी. म्हसवडच्या अलीकडच्या या माळावर ती दीड महिन्यापूर्वी आली, अकरा दिवसांत कसरती शिकली, आणि त्यानंतर दर रविवारी येत होती. विमान चालवणं हे आता कुणाचं काम उरलं नव्हतं. मोठी विमानं स्वतःची स्वतः उडत, पुण्याहून सोलापूरला जाणाऱ्या हवाई टॅक्सीत तर पुढची खुर्चीच नसे. राहिला होता तो फक्त आनंद. दोन माणसांचं, विजेवर चालणारं छोटं विमान घ्यायचं, पस्तीस मिनिटं आभाळात उलटंपालटं व्हायचं, आणि खाली यायचं. लूपच्या माथ्यावर अंग हलकं होतं, पट्ट्यांत तरंगतं, राजेवाडीचा तलाव डोक्यावर येतो आणि माळ छतासारखा पसरतो. पहिल्यांदा तिथे पोचलेला माणूस हटकून हसतो. मृदुलाने ते हसणं हेडफोनमधून शेकडो वेळा ऐकलं होतं. अलीकडे मात्र ते ऐकताना तिचं लक्ष बॅटरीच्या काट्याकडे असायचं. अठ्ठावन्न वय झालं होतं. दिवसातून चार वेळा वर जाऊन आलं की संध्याकाळी पायातले बूट काढायचंही तिच्या जिवावर यायचं.

निशिगंधाला तिने खोलीत बसवलं, लिंबूपाणी दिलं, आणि विमानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण लावलं.

चित्रणात आभाळ गेलं, जमीन आली, जमीन गोल फिरायला लागली. दुसऱ्या फेऱ्याच्या सुरुवातीला निशिगंधाचा डावा खांदा वर उचलला गेला, पार कानापर्यंत. मान डावीकडे कलली. हनुवटी आत गेली. आणि सगळं शरीर तसंच राहिलं, फोटो काढल्यासारखं.

मृदुलाने चित्रण थांबवलं.

तो खांदा तिच्या ओळखीचा होता. तो तिचा स्वतःचा होता.

*

मिरजेचे डॉ. अन्वर मुजावर कानाचे डॉक्टर. चक्कर येऊन पडणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी त्यांनी एक पट्टी बनवली होती. लोक तिला तोलपट्टी म्हणायचे. सहा वर्षांपूर्वी हीच पट्टी घेऊन ते माळावर आले आणि मृदुलाला त्यांनी समजावून सांगितलं होतं.

कानाच्या आत, पडद्याच्या बऱ्याच पलीकडे, तीन बारीक अर्धगोल नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. डोकं फिरलं की नळी लगेच फिरते, द्रव मात्र मागे रेंगाळतो. त्या रेंगाळण्यावरून मेंदूला कळतं की आपण फिरतोय. पण बराच वेळ एकसारखं फिरत राहिलं की द्रव नळीच्या वेगाला येतो आणि मेंदूला वाटतं, थांबलो. मग खरोखर थांबलं की द्रव पुढे वाहत राहतो आणि मेंदू म्हणतो, आता उलटे फिरायला लागलो. फिरकीतून सुटलेला नवशिका वैमानिक हे खोटं फिरणं सावरायला जातो आणि पुन्हा फिरकीत पडतो. मुरलेल्या वैमानिकाचा लहान मेंदू हे खोटं ओळखतो आणि दाबून टाकतो. ती ओळख पटायला पूर्वी चार-पाच महिने लागत, आणि तेवढ्यात निम्मे लोक ओकून ओकून सोडून जात.

तोलपट्टी मृदुलाने कानामागे, मानेवर आणि पोटऱ्यांवर बांधून चाळीस उड्डाणं केली. तिच्या आतल्या कानाने काय सांगितलं आणि तिच्या स्नायूंनी त्याला काय उत्तर दिलं, ते सगळं नोंदलं गेलं. मग तीच पट्टी विद्यार्थ्याला बांधायची. विमान कललं की पट्टी त्याच्या कानामागे मुंगी चालल्यासारखा हलका प्रवाह सोडे, आणि त्याचं शरीर मृदुलाच्या शरीरासारखं वागे. सायकल शिकवताना मागून कॅरियर धरावा, तसं. अकरा दिवसांनी पट्टी काढून टाकायची. तोवर विद्यार्थ्याच्या लहान मेंदूने सगळं आपलंसं केलेलं असायचं. सहा वर्षांत दोनशे बारा जण असे शिकले होते. येत्या पावसाळ्यानंतर हीच नोंद देशातल्या चाळीस शाळांत जाणार होती.

निशिगंधाच्या प्रसंगानंतर चौथ्या दिवशी डॉक्टर मिरजेहून आले. त्यांनी येताना सगळ्यांच्या उड्डाणांच्या नोंदी चाळून आणल्या होत्या.

"उजवीकडच्या फिरक्या एकदम स्वच्छ," ते म्हणाले. "डावीकडं गेलं की दोनशे बाराच्या दोनशे बारा जण अडकतात. पाऊण सेकंद, एक सेकंद. उंचावर कुणाच्या ध्यानातबी येत नाही. निशिगंधाताई आधीच घाबरल्या होत्या, त्यांची स्वतःची भीती त्यात मिसळली आणि एका सेकंदाचे आठ झाले." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दोनशे बारा वेगवेगळी माणसं एकाच जागी अडकत नाहीत, मृदुलाताई. हे एकाच माणसाचं आहे."

"वय झालंय माझं."

"नोंद सहा वर्षांपूर्वीची आहे. तेव्हा तुम्ही बावन्नच्या होता."

मृदुलाने समोरच्या नोंदी त्यांच्याकडे सरकवल्या.

"तुम्हाला ठाऊक होतं का?"

"मी डावीकडची फिरकी पाच हजार फुटांच्या खाली करत नाही," ती शेवटी म्हणाली. "कधीच नाही. दाखवायची असली की उजवीकडून दाखवते. सतरा वर्षं झाली."

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांना उमगलं. पट्टीने तिच्या शरीरातली भीती उचलली होती. त्या भीतीभोवती तिने जे कुंपण घातलं होतं, उंचीचं, दिशेचं, सावधपणाचं, ते डोक्यात होतं. ते उचलायची सोय पट्टीत नव्हती. दोनशे बारा माणसं तिची भीती घेऊन फिरत होती आणि कुंपण कुणाकडेच नव्हतं.

"सतरा वर्षांपूर्वी काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

"उद्या सांगते."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच वर गेली. पट्टी बांधली ती फक्त नोंद घेण्यासाठी. सहा हजार फुटांवर तिने नाक वर ओढलं, वेग संपू दिला आणि डावा पाय दाबला.

माळ फिरायला लागला. एक फेरा. खांदा उचलला गेला. तिला तो उचलला जाताना जाणवला, आणि ती काही करू शकली नाही. उजवा पाय तिथेच होता, पेडलवर, बुटात. मग एकदम तो तिचा झाला आणि तिने दाबला.

तिने हे चार वेळा केलं. खाली आल्यावर ओकली. तीस वर्षांत ती विमानातून उतरून ओकली नव्हती.

डॉक्टर खुर्ची ओढून हँगरच्या सावलीत बसले होते. ती त्यांच्या समोर पायरीवर बसली आणि तिने सांगितलं.

तिची मुलगी मैथिली तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि वैमानिकाचं शिक्षण घेत होती. हात चांगला होता तिचा, आईपेक्षाही चांगला. एका सकाळी मैथिली पुढच्या खुर्चीत आणि मृदुला मागच्या खुर्चीत अशा दोघी वर गेल्या. वळण फसलं, विमान डावीकडे पडलं. दोन हजार फूट. असं कुणाचंही होतं. मृदुला म्हणाली, "मी घेते." मैथिलीने शिकवल्याप्रमाणे हात वर केले आणि पाय मागे घेतले. आणि मग ती ओरडली, "आई!"

"तोवर मी शिक्षिका होते," मृदुला म्हणाली. "ती हाक आली आणि मला पायच सापडेना. मोजले नाहीत, पण चार-पाच सेकंद गेले असतील. सावरलं तेव्हा चाकांना बाभळीचे शेंडे लागले. उतरताना एक चाक निखळलं. दोघींना खरचटलंसुद्धा नाही."

"आणि?"

"मी तेव्हा शिकवत होते त्या क्लबने चौकशी केली. मी लिहून दिलं की विद्यार्थिनीने घाबरून रडरच्या पेडलवर पाय दाबून धरला होता, म्हणून सावरायला उशीर झाला." ती जमिनीकडे बघत बोलत होती. "तिचं शिक्षण थांबवलं. मी स्वतःला समजावलं की बरंच झालं, पोरगी जमिनीवर राहील, जिवंत राहील. परवाना माझाच वाचत होता, ते मी मोजलंच नाही."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. ते भले माणूस होते, आणि त्यांनाही सहा वर्षांचं काम समोर दिसत होतं.

"ऐका," ते म्हणाले. "नोंदीतला तेवढा तुकडा मी कापून टाकतो. चाळीस शाळांत स्वच्छ नोंद जाईल. जुन्या विद्यार्थ्यांना कळवू की नोंदीत तांत्रिक दोष होता, डावीकडची फिरकी टाळा. तुमचं घरचं मध्ये आणायची गरज नाही."

"नुसतं टाळा म्हणून भागेल? फिरकी कुणी ठरवून करतं का? ती पडते."

"मग काय करणार?"

"त्यांच्या डोक्यातून कापता येत नसेल तर एकेकाला बोलवावं लागेल. पुन्हा शिकवावं लागेल, पट्टीशिवाय." बोलतानाच तिला दमल्यासारखं झालं. "आणि ते कशाला येतील? तांत्रिक दोष म्हटलं तर म्हणतील, नवी पट्टी पाठवा. पायात कुणाची भीती आहे आणि ती कशी आली, हे कळल्याशिवाय ती निघायची नाही. मला स्वतःला सतरा वर्षांत निघाली नाही, डॉक्टर."

"पत्रात हे सगळं लिहिणार?"

"हो. सरकारी कचेरीलाही पाठवणार."

"परवाना जाईल तुमचा."

"जाऊ दे," ती म्हणाली. त्यात शौर्य नव्हतं. दिवसभर उचललेलं ओझं खाली ठेवताना माणूस बोलतो, तसा तो आवाज होता. "पण आधी वाईला जाऊन यायला हवं."

*

मैथिली वाईला भूमापन कार्यालयात होती. ड्रोन वरून जमीन मोजत, आणि जिथे दोन भावांचं ड्रोनवर एकमत होत नसे तिथे मैथिली काठी घेऊन जाई. एकेक बांध ती तीनदा मोजते म्हणून कचेरीत तिची थट्टा व्हायची. मायलेकींचं भांडण असं नव्हतं. दिवाळीला मैथिली येई, फराळाचं घेऊन येई, दोन दिवस राहून जाई. विमानाचा विषय दोघी काढत नसत.

मृदुला पोचली तेव्हा मैथिली गावाबाहेर हळदीच्या शेताच्या कडेला उभी होती. डोक्यावर टोपी, हातात मोजणीची काठी.

"तू? इथं? बरं नाहीये का?"

"बरी आहे. थोडं बोलायचंय."

दोघी आंब्याच्या झाडाखाली बसल्या. मृदुलाने वाटेत बसमध्ये वाक्यं जुळवली होती. त्यांतलं एकही तिला आठवेना. मग तिने सरळ सांगितलं.

"तू पाय मागे घेतले होतेस. मी खोटं लिहून दिलं. पाय माझे थिजले होते."

शेताच्या पलीकडून कुणीतरी "मॅडम, खुंटी ठोकू का?" असं विचारलं. मैथिलीने हात वर करून थांब म्हणून सांगितलं.

"मला आठवत होतं," मग ती म्हणाली. "पाय मागे घेतल्याचं. खुर्चीच्या खाली टाचा लागल्या होत्या, गार लोखंडाला. मला स्पष्ट आठवत होतं. आणि तू म्हणालीस की नाही, तू दाबून धरला होतास. तू इतकी वर्षं उडवत होतीस, मी चार महिने. मला वाटलं, घाबरलेलं माणूस स्वतःला वाचवायला काहीही आठवतं." तिचा आवाज चढला नव्हता. "त्यानंतर मी माझ्या आठवणीवर विश्वास ठेवला नाही, आई. कशाच्याच. कुलूप लावलं की नाही, गॅस बंद केला की नाही. हे बांध मी तीनदा का मोजते असं वाटतं तुला?"

"मैथिली—"

"आज का सांगतेस?"

मृदुलाने तोलपट्टीचं सांगितलं, निशिगंधाचं सांगितलं. "परवा सगळ्यांना पत्र जाणार आहे. तुला त्यांच्या आधी कळायला हवं होतं."

"म्हणजे त्यांच्यामुळे सांगतेस."

खोटं बोलणं सोपं होतं. "हो," मृदुला म्हणाली.

"दोनशे बारा परक्या माणसांचे पाय थिजले, तेव्हा तुला माझे आठवले."

ती उठली, पँटवरची माती झटकली आणि काठी उचलली.

"मला अजून दोन बांध मोजायचेत. ऊन वाढायच्या आत तू नीघ. साडेबाराची गाडी मिळेल."

*

पत्र गेलं. पहिल्याच वाक्यात मृदुलाने लिहिलं होतं की दोष यंत्रात नाही, माझ्यात आहे. शेवटी लिहिलं होतं की प्रत्येकाने परत यावं, तोवर एकट्याने उडू नये.

सरकारी कचेरीने सुनावणी घेतली. शिकवलेले सगळे विद्यार्थी पुन्हा तपासून होईपर्यंत तिला शिकवता येईल, त्यानंतर परवाना कायमचा जमा करायचा, असा आदेश निघाला. डॉक्टरांनी चाळीस शाळांचं काम स्वतःहून थांबवलं. ते दर आठवड्याला मिरजेहून येत, मोजणी घेत, फारसं बोलत नसत. एकदाच म्हणाले, "नोंद घेण्याआधी मी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं की तुम्हाला कशाची भीती वाटते. पेशंटला मी पहिलं तेच विचारतो."

दोनशे बारांपैकी पासष्ट जणांनी कळवलं की आम्ही उडणं सोडलं. काहींनी वाईट शब्दांत कळवलं. एकाने लिहिलं की माझ्या शरीरात तुमचा गुन्हा ठेवण्याचा तुम्हाला अधिकार नव्हता. मृदुलाने त्याला उत्तर लिहायला घेतलं, आणि त्याचं बरोबर आहे एवढंच लिहिलं.

बाकीचे आले.

पहिली निशिगंधा. ती पुढच्या खुर्चीत बसली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"सहा हजार फुटांवर जाऊ," मृदुला म्हणाली. "डावीकडे पाडू. मी सावरणार नाही. म्हणजे सावरेन, पण मीही तिथेच अडकते हे तुला माहीत आहे."

"मग कसं करायचं?"

"बोलायचं. मोठ्याने. काय करायचंय ते शब्दांत सांगायचं. थिजणं खालच्या मेंदूतून येतं, बोलणं वरच्यातून. डॉक्टर म्हणतात, ती वाट अजून मोकळी आहे."

पहिल्या खेपेला माळ फिरायला लागला, खांदे दोघींचेही उचलले गेले, पुढचा आणि मागचा, आणि हेडफोनमध्ये नुसता श्वास ऐकू आला. मग निशिगंधा किंचाळल्यासारखी म्हणाली, "उजवा!" आणि मृदुलाही म्हणाली, "उजवा!" आणि कुणाचा पाय आधी गेला ते कळलं नाही. विमान थांबलं. जमीन समोर स्थिर झाली, मेंढ्यांचे ठिपके दिसू लागले.

"पुन्हा," मृदुला म्हणाली.

अकराव्या खेपेला निशिगंधाचा खांदा उचलला गेला नाही. परत येताना तिने परवानगी मागून एक लूप केला. माथ्यावर तलाव डोक्यावर आला तेव्हा ती हसली, आणि मागे बसलेल्या मृदुलाने डोळे मिटून घेतले.

असे दिवस गेले. रोज चार, कधी पाच उड्डाणं. सांगलीचा शिक्षक, बार्शीची दंतवैद्य, दोन निवृत्त फौजदार, पंढरपूरचा भांडीवाला. प्रत्येकाला दहा-बारा फिरक्या, प्रत्येक फिरकीत तोच खांदा, आणि प्रत्येक वेळी तिला त्यात आपणच बसलोय असं वाटायचं. संध्याकाळी ती पलंगावर पडली की पलंग डावीकडे फिरत असे. तिचं स्वतःचं थिजणं कमी होत गेलं, पाऊण सेकंदावरून अर्ध्यावर, अर्ध्यावरून पावावर. पूर्ण गेलं नाही. तिने त्याची वाट पाहणंही सोडलं. यादीतली नावं खोडली जात होती, तेवढं पुरे होतं.

*

तिसऱ्या महिन्यात, शंभराव्या नावाच्या आसपास, एका दुपारी मैथिली आली. कळवलं नव्हतं. म्हसवडहून रिक्षा करून आली आणि विमान उतरेपर्यंत हँगरपाशी उभी राहिली.

मृदुलाने हेल्मेट काढलं. केस कपाळाला चिकटले होते.

"किती बारीक झालीयस," मैथिली म्हणाली.

"जेवलीस का?"

"जेवण राहू दे. मला त्या विमानात बसायचंय. उडायचं नाहीये. मला सगळं पहिल्यापासून सांग, एकेक सेकंद. मी कुठे होते, तू कुठे होतीस."

मैथिली पुढच्या खुर्चीत बसली आणि मृदुला मागे. काच उघडीच होती. मृदुलाने सांगायला सुरुवात केली. वळण कसं फसलं, पंख कसा पडला, आपण काय म्हणालो. मैथिली मध्ये मध्ये थांबवत होती.

"तू 'मी घेते' म्हणालीस तेव्हा मी काय केलं?"

"हात वर केलेस. मला दिसले."

"आणि पाय?"

"मागे घेतलेस. माझ्या पेडलवर काहीही जोर नव्हता. पेडल मोकळं होतं, मैथिली. एखाद्या लहान मुलालाही दाबता आलं असतं, इतकं मोकळं."

मृदुलाला मागून फक्त मैथिलीचे खांदे दिसत होते. दोन्ही सारखे, खाली, शांत.

"आणि मी हाक मारली."

"हो."

"मी मारायला नको होती का?"

"तू एकोणीस वर्षांची होतीस आणि मागे तुझी आई बसली होती," मृदुला म्हणाली. "हाक बरोबर होती. उत्तर चुकलं."

वारा धावपट्टीवरून धूळ नेत होता. मग मैथिली पट्टा सोडून खाली उतरली आणि पंखापाशी उभी राहून म्हणाली, "मी तुला माफ वगैरे केलेलं नाही."

"मी मागितलं नाही."

"मागायचं होतंस. वाईला आलीस तेव्हा."

मृदुला मागच्या खुर्चीत तशीच बसून होती. "माफ कर," ती म्हणाली. "तेव्हा तोंडातून निघालं नाही."

मैथिलीने हात पुढे केला. मृदुला तो धरून खाली उतरली. मैथिलीने हात लगेच सोडून दिला.

"मला कुणी गाडी शिकवली नाही," ती एकदम म्हणाली. "म्हणजे मीच कधी गाडीला हात लावला नाही. पेडलवर पाय ठेवायचं म्हटलं की घाम फुटायचा. छत्तीस वर्षांची बाई रिक्षाने फिरते. तुझी ती गाडी चालते का अजून?"

गाडी हँगरच्या मागे होती, जुनी, हाताने गिअर टाकायची. आता असल्या गाड्या कुणी ठेवत नसे. पुढचं उड्डाण साडेचारला होतं. धावपट्टी अकराशे मीटर रिकामी पडली होती.

मैथिली चालकाच्या जागेवर बसली. मृदुलाने क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर असं तीन वाक्यांत सांगितलं आणि शेजारी बसली. गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा धक्का देऊन निघाली, पांढऱ्या रेघेवरून वाकडीतिकडी जाऊ लागली. मृदुलाच्या ओठांवर सूचना आल्या आणि तिने त्या गिळल्या. टोकाला गाडी वळली, परत आली, पुन्हा वळली. दुसरा गिअर पडताना खडखडाट झाला.

"बरोबर टाकला का?" मैथिलीने समोरून नजर न हलवता विचारलं.

उत्तर आलं नाही. तिने क्षणभर वळून बघितलं. मृदुलाची मान खिडकीच्या काचेला टेकली होती, तोंड किंचित उघडं होतं. ती गाढ झोपली होती. तीस वर्षांत शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून तिचा कधी डोळा लागला नव्हता.

मैथिलीने तिला उठवलं नाही. ती धावपट्टीवरून गाडी चालवत राहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दुसऱ्या गिअरमध्ये, सव्वाचार वाजेपर्यंत.